सूत्र पाठ आहे, पण मोटार थांबेल कुठे?

नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रावर पनवेलच्या घराघरांत एकच सल्ला ऐकू येतो: सूत्रांचा तक्ता भिंतीवर लाव, रोज वाच, गणितं आपोआप सुटतील. सूत्र आठवलं नाही तर हातचे गुण जातात, हे मान्य. पण वाचून वाचून ते लक्षात राहतं, हे मान्य नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला लावला, तर काहींना एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनंतर वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांना 40 टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. बोर्डाची परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

बरं, आठवलं तरी कळलं का? गतीचं तिसरं समीकरण घडाघडा म्हणणाऱ्याला विचारा: द्रुतगती मार्गावर ताशी 50 किलोमीटरने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर 20 मीटरमध्ये थांबते; तेवढाच ब्रेक लागला तर 100 ने जाणारी किती मीटरमध्ये थांबेल? ‘चाळीस’ म्हणणारे पुष्कळ निघतात. उत्तर 80 आहे. त्या समीकरणात वेगाचा वर्ग असतो.

मग व्हिडिओवाले म्हणतात, पाठांतर सोडा, कन्सेप्ट क्लिअर करा. पण दुसरा गणित सोडवत असताना मान डोलावणं फार सोपं असतं, आणि जुनी समजूत त्या डोलावण्याने हलत नाही. पनवेलहून लोकलने सीएसएमटीला जाताना मानखुर्द लागतं. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांनी सुधीर पानसे यांच्यासह 1994 साली सापेक्ष गतीबद्दलच्या विद्यार्थ्यांच्या समजुती तपासल्या. काही गती ‘खरी’ आणि काही नुसती ‘भासणारी’, असं विद्यार्थी मानतात, हे त्यांना दिसलं.

अशी समजूत उघडी पडते ती उत्तर आधी कागदावर लिहिल्यावर. त्याच लोकलमध्ये बसून नाणं सरळ वर उडवायचं ठरवा. गाडी एकसारख्या वेगाने जाताना ते कुठे पडेल? आणि नाणं हवेत असतानाच ब्रेक लागला तर? आकृती काढा, बलांचे बाण दाखवा, अंदाज लिहा, मगच नाणं उडवा. पहिल्या खेपेला ते हातात परत येतं, दुसऱ्या खेपेला पुढे पडतं. अंदाज चुकला तर का चुकला, तेही दोन ओळींत लिहायचं.

यावर क्लासवाले म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे? उत्तरं बघत उरकलेल्या वीस गणितांतून तो काढा. या पद्धतीने पाचच होतील, आणि पाच पुरेत.