देशोदेशींचे रीतिरिवाज : ओसाकातील एक मुक्काम

ओसाका नगरीत अल्प खर्चात रात्र काढू इच्छिणाऱ्या दांपत्यास ‘लव्ह हॉटेल’ हे नाव ऐकून संकोच वाटणे स्वाभाविक आहे. दाराशी स्वागतास बहुधा कोणी नसते. भिंतीवर खोल्यांची चित्रे असतात. ज्या चित्रामागे दिवा तेवतो ती खोली रिकामी. कळ दाबावी आणि वर जावे. पुष्कळ ठिकाणी पैसेही यंत्रातच भरावयाचे. दर दोन : काही तासांच्या ‘विश्रांती’चा आणि रात्रीच्या ‘मुक्कामा’चा. मुक्काम बहुधा रात्री उशिरा सुरू होत असल्याने सायंकाळीच सामानसुमानासह पोहोचलेला प्रवासी ताटकळतो. एरवी प्रशस्त स्नानगृह व स्वच्छ बिछाना यांबद्दल त्याची तक्रार नसते.

हे नाव १९६८ साली ओसाकातच निघालेल्या ‘हॉटेल लव्ह’वरून रूढ झाले असे मानतात. प्रथा मात्र त्याहून जुनी. युद्धोत्तर जपानात घरे लहान, खोल्यांमध्ये कागदाने मढविलेली सरकती दारे, आणि पलीकडे सासूसासरे व मुले. पतिपत्नींस चार शब्द एकांतात बोलावयास जागा नसे. म्हणून विवाहित जोडपीही अशा निवासांचा आश्रय घेत. नावावरून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. साखरमळ्यांवरील दाटीवाटीच्या वस्तीत ज्यांच्या आजापणजांनी संसार केले, त्यांस तरी ही अडचण समजावून सांगावयास नको.

पुढे १९८५ साली सुधारित कायदा अमलात आला. त्याच्या कक्षेत येणे नको म्हणून अनेक मालकांनी फिरते पलंग व मोठे आरसे काढून टाकले.