प्रवासातील दक्षता : डिकीतील जाळी



रेवदंड्याच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाचे पत्र या सदराकडे आले आहे. घरात नुकतीच सात आसनांची एसयूव्ही आली. तीच गाडी आठवड्यातून एकदा अलिबागहून दुकानाचा थोडा माल आणते, रविवारी आजी-आजोबांना व नातवंडांना आप्तांकडे नेते, आणि यात्रेच्या दिवसांत सगळे घर सामानासह पालिताण्यास किंवा कुंभोजगिरीस घेऊन जाते. पत्रात विचारले आहे : ‘डिकीतील सामान घरंगळू नये म्हणून बाजारातून इलास्टिकची जाळी आणली आहे. ती पुरेशी आहे काय? चिरंजीव म्हणतात, गाडीला सुरक्षेचे पाच तारे आहेत, जाळी हवीच कशाला?’

प्रश्न लहान दिसतो, परंतु आपल्या बहुतेक घरांना तो लागू पडतो. म्हणून या वेळी संपूर्ण जागा त्यालाच देत आहोत.

माल बांधणे ही गोष्ट व्यापारी घरांना शिकवावी लागत नाही. टेम्पोत गोणी भरल्या की हमाल त्या नीट रचतो, वर ताडपत्री येते, दोर आवळला जातो, आणि गाठ ओढून पाहिल्याशिवाय चालक जागेवरून हलत नाही. रेवदंडा आणि चौल ही तर जुन्या बंदराची भूमी. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विक्रीचा घोडा गलबतातून घेऊन चौलला उतरला. त्याचा स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यात उभा आहे. गलबतात सुटा माल एका बाजूस सरकला तर गलबतच कलंडते, हे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलास ठाऊक असे. नवल इतकेच की, जो गृहस्थ टेम्पोतील साखरेच्या गोणीला दोर बांधल्याशिवाय सोडत नाही, तोच घरच्या गाडीत पाण्याचा कॅन, पितळी डबा आणि नारळांची पिशवी सुटी ठेवतो. टेम्पोत मालाच्या पुढे लोखंडी फळी असते. घरच्या गाडीत मालाच्या पुढे आपली माणसे बसलेली असतात.

आता हिशेब पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली तर गाडी थांबते; डिकीतील सुटी वस्तू मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूचा वेग होय. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही उंची २५ मीटर होते. यात्रेला निघताना आपण उकळून गार केलेले पाणी सोबत नेतो. २० लिटरचा भरलेला कॅन २० किलोचा असतो. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत तो आसनाच्या पाठीवर आदळून एका फुटाच्या अंतरात थांबला, तरी त्याचा दाब ६०० किलोहून अधिक भरतो. वाडीतून आणलेला एक सोललेला नारळ आसनाच्या पाठीवरून उडून पुढे आला, तर कोणाच्या डोक्याचे काय होईल हे सांगावयास नको.

चिरंजीवांचा मुद्दाही विचारात घेऊ. आपल्या देशात भारत एनकॅप ही तारांकन योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आत बसवलेल्या पुतळ्यांना किती इजा झाली ते मोजतात. त्या वेळी डिकीत सुटे डबे आणि गोणी ठेवलेल्या नसतात. मागील आसनाची पाठ सामानाचा आघात किती सोसते, याची कसोटी संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक १७ मध्ये दिली आहे. त्या कसोटीत प्रत्येकी १८ किलो वजनाचे दोन ठोकळे आसनामागे ठेवून ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाची धडक देतात. दोन्ही मिळून भार ३६ किलोचा झाला. आपल्या दुकानातील एक गोणच ५० किलोची असते. तेव्हा पाच तारे ही मोठी जमेची बाजू असली, तरी त्या ताऱ्यांनी डिकीतील गोणीची हमी घेतलेली नाही.

आघाताच्या क्षणी सुटे राहिलेले काहीही पुढे फेकले जाते, मग ती वस्तू असो वा माणूस. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी नामांकित होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले, आणि पुढील दोघे बचावले. मागील आसनावर पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, हे पुष्कळांना त्या दुर्घटनेनंतरच कळले. सामानासाठी असा दंड नाही, म्हणून त्याची शिस्त घरालाच लावावी लागते.

बाजारात जाळ्या तीन प्रकारच्या मिळतात आणि तिन्हींचे काम वेगळे आहे. पहिली झोळीसारखी. ती मागील दाराच्या आतल्या बाजूस आडवी लागते. भाजी, छत्री, औषधांची पिशवी अशा हलक्या वस्तूंसाठी ती आहे. दुसरी तळाच्या चार कड्यांत अडकवून सामानावर पसरायची सपाट जाळी. ती इलास्टिकची असेल तर खड्ड्यात आणि वळणावर सामान सरकू देत नाही. इलास्टिक ताणले जाते हाच त्याचा गुण. धडकेच्या वेळी तोच दोष ठरतो. पत्रलेखकांनी आणलेली जाळी याच जातीची आहे. ती नीटनेटकेपणासाठी उत्तम, संरक्षणासाठी अपुरी. तिसरी उभी जाळी. ती आसनांच्या मागे छतापासून खालपर्यंत पडद्यासारखी लागते. वरच्या दांडीची टोके छताजवळच्या खोबणीत बसतात आणि खालचे पट्टे तळाच्या कड्यांत आवळले जातात. धडकेत सामान पुढे येऊ न देणारी जाळी ती हीच. शक्यतो गाडीच्या कंपनीने आपल्या मॉडेलसाठी दिलेलीच घ्यावी. वेष्टनावर ‘आयएसओ २७९५५’ या मानकाचा उल्लेख असल्यास अधिक चांगले. मोटारीतील सामान बांधण्याचे ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

बसवण्याची रीत अशी. प्रथम डिकी पूर्ण रिकामी करावी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत कड्यांची जागा दाखवलेली असते. पुष्कळदा ती गालिच्याच्या कडेखाली किंवा प्लास्टिकच्या झाकणामागे दडलेली असतात. कडे बोटाने हलवून पाहावे. धातूचे कडे गाडीच्या सांगाड्यात घट्ट बसलेले असते. केवळ प्लास्टिकच्या अस्तरावरचा आकडा पिशवी लटकवण्यापुरता असतो. उभी जाळी लावताना आधी दांडीची दोन्ही टोके खोबणीत घालून अडकली आहेत याची खात्री करावी, मग खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे आवळावे. शेवटी दोन्ही हातांनी जाळी जोराने ओढून पाहावी. सपाट जाळीचे आकडे समोरासमोरच्या कड्यांत लावावे आणि जड वस्तूसाठी जाळीवर विसंबू नये; तिला आवळता येणारा रॅचेट पट्टा स्वतंत्र बांधावा.

जाळी किती जाड आहे यापेक्षा ती कशाला बांधली आहे हे महत्त्वाचे. आसनाचा डोक्याचा टेका, वरची धरायची मूठ, सीट बेल्ट, आणि लहान मुलांच्या आसनाचा मागचा पट्टा अडकवण्याची जागा, या चारही ठिकाणी जाळी बांधू नये. मुलाच्या आसनाची जागा त्या आसनासाठीच मोकळी राहावी.

काही गाड्यांत उभ्या जाळीसाठी खोबणी नसतात. अशा वेळी ओळखीच्या कारागिराकडून पत्र्याला भोक पाडून स्क्रू बसवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. तळाखाली इंधनाची नळी आणि तारा जातात; छताच्या कडेला आणि खांबांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. चुकीच्या जागी बसवलेला एक स्क्रू ती निकामी करू शकतो, आणि रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याच्या भोकाला गंज चढण्यास फार दिवस लागत नाहीत. अधिकृत कार्यशाळेतच विचारावे. तेथेही सोय नसल्यास सामान आसनाच्या पाठीच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नये.

जाळीइतकेच महत्त्व रचनेला आहे. वस्तू उचलताना व ठेवताना जयणा पाळावी, ही सवय आपल्या घरांत लहानपणीच लागते. डिकी भरताना तीच उपयोगी पडते. सर्वांत जड वस्तू तळाला आणि आसनाच्या पाठीला अगदी टेकवून ठेवावी. मध्ये मोकळी जागा राहिली तर वस्तूला धावण्यास वाव मिळतो आणि आघात वाढतो. पाण्याचा कॅन उभा, दोन बॅगांच्या मध्ये घट्ट. नारळ व काचेच्या बरण्या पिशवीत सुट्या न ठेवता झाकणाच्या खोक्यात. त्यावर कपड्यांच्या मऊ बॅगा. दुमडणाऱ्या आसनाची पाठ खिटीत पक्की बसली का, ते हाताने हलवून पाहावे. मागील आसनावर कोणी बसले नसेल तरी त्याचे पट्टे अडकवून ठेवावे. पाठीला तेवढाच आधार मिळतो. कार्लेखिंडीच्या वळणांवर किंवा साळाव पुलापलीकडे कोर्लई-काशीदच्या रस्त्यावर डिकीतून आवाज आला, तर रचना बिघडली असे समजावे. सुरक्षित जागी थांबून ती सारखी करावी.

तिसऱ्या रांगेचा विचार वेगळा करावा लागतो. सात माणसे बसली की शेवटच्या आसनामागे हातभर जागाही उरत नाही, आणि तेथे बहुधा घरातील सर्वांत लहान मुले बसतात. त्यांच्या डोक्यामागे फक्त सामान आणि काच असते. या जागेत केवळ मऊ व हलके सामान ठेवावे, तेही पाठीच्या उंचीच्या आत. ‘जवळच तर जायचे आहे’ असे म्हणून मुलांना डिकीत सामानावर बसवण्याची पद्धत अनेक घरांत आजही दिसते. रेवदंड्याहून अलिबाग सुमारे १७ किलोमीटर आहे. अंतर थोडे असले तरी आघाताचा हिशेब वर सांगितला तोच राहतो. ज्याला आसन नाही आणि पट्टा नाही, त्याने त्या फेरीला येऊ नये. दुसरी फेरी करावी.

समुद्रकाठच्या घरांसाठी निगेची एक सूचना. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी आकडे गंजतात आणि उन्हाने धागा विरतो. पॉलिएस्टरचा पट्टा ओलाव्याने नायलॉनइतका सैल पडत नाही. आकडे गंजरोधक घ्यावे, महिन्यातून एकदा जाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी आणि शिवण पाहावी. एखादा धागा तुटलेला दिसला, किंवा गाडीला एकदा मोठी धडक बसली, तर जाळी व पट्टे बदलावे. वरून चांगले दिसले तरीही.

पत्रलेखकांना आमचे उत्तर असे : आणलेली जाळी फेकू नका, हलक्या सामानासाठी ती ठेवा. उभी जाळी आपल्या गाडीत बसते का, याची कार्यशाळेत चौकशी करा. आणि दुकानाचा माल व घरची माणसे एकाच फेरीत आणण्याची सवय सोडा. ‘येताच आहात तर दोन गोणी टाकून आणा’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोलले जाते. त्यात टेम्पोचे भाडे वाचते, हे खरे. पण जमाखर्च मांडताना दुसऱ्या बाजूस काय लिहावे लागेल, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. गोणी टेम्पोने येऊ द्या; एक दिवस उशीर झाला तरी गिऱ्हाईक थांबते.