धबधबा पाहताना डोंगरमाथाही पाहा

पावसाची झड लागली, की भिवंडीतून मोटारी आणि व्हॅन भरभरून माळशेज घाटाकडे निघतात. धबधबे पाहायला जरूर जावे; पण पाण्याचा अंदाज केवळ खोलीवरून बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, की पायांवरील त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय एक चौरस किलोमीटर माथ्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १ कोटी लिटर पाणी होते. उघड्या कातळात ते फारसे मुरत नाही. त्यामुळे खाली उघडीप असतानाही ओढा फुगू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात अचानक वाढलेल्या लोंढ्याबरोबर एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले.

गाडीत बसूनही निर्धास्त राहू नका. ६ चौरस मीटर तळाची, १,२०० किलोग्रॅमची गाडी २० सेंटिमीटर बुडाली, की आर्किमिडीजच्या नियमानुसार ती तरंगू लागते. मग चाकांची पकड कसली?

पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की तत्काळ काठावर या. शिक्षकांनी सहलीआधी हे गणित फळ्यावर मांडावे. ‘मला पोहता येते’ हे त्याचे उत्तर नव्हे.