झांकलेल्या नळ्यांचें मोल

वातानुकूलन यंत्र घ्यावें कीं नाहीं, हा विचार उन्हाळ्याच्या तोंडीं आतां पुष्कळ घरांत होऊं लागला आहे. तें घेतांना मंडळी रंग, दिवे व किंमत पाहतात. परंतु यंत्राचें आयुष्य व विजेचा खर्च ज्यावर बव्हंशीं अवलंबून, त्या नळ्यांच्या वेटोळ्याविषयीं, म्हणजे कॉईलविषयीं, कोणी एक शब्दहि विचारीत नाहीं. आमच्या मतें हें योग्य नव्हे.

सन १९०२ मध्यें विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्यानें ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं अशी योजना प्रथम आंखली. दमट हवेनें तेथें कागद फुगे व रंग नीट जुळत नसत. थंड नळ्यांवरून हवा नेऊन तींतील ओलावा काढावा, ही त्याची युक्ति. आजचें यंत्रहि थंडी निर्माण करीत नाहीं. आंतील कॉईल खोलींतली उष्णता घेते व बाहेरील कॉईल ती सोडून देते.

उष्णता सोडावयास पृष्ठभाग जितका विस्तृत, तितकें काम सुलभ. बाहेरील कॉईल तोकडी असली म्हणजे वायूचा दाब चढतो, कॉंप्रेसरला अधिक श्रम पडतात व वीज अधिक जळते. कारखानदारानें कॉईलमध्यें केलेली काटकसर अशा रीतीनें गिऱ्हाइकाच्या बिलांतून वसूल होते. पृष्ठभाग वाढावा म्हणूनच नळ्यांवर ॲल्युमिनियमचीं पातळ पातीं बसवितात. पण तीं अतिशय दाट असलीं तर धुळीनें वाट बुजते, आणि मिळविलेला लाभ हातचा जातो.

शिवाय तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनियमचीं पातीं यांचा संयोग खाऱ्या दमट हवेंत टिकत नाहीं. दोन धातूंमधील विद्युत्-क्रियेनें ॲल्युमिनियम झिजत जातें. मुंबई, रत्नागिरी, मालवण येथें समुद्राकांठीं राहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणतील, यंत्रावरील ताऱ्यांची पट्टी पाहिली कीं झालें. ती पट्टी उपयुक्त खरी. तथापि नवें यंत्र किती वीज वाचवितें एवढेंच ती सांगते. खारा वारा व धूळ यांपुढें कॉईल किती वर्षें तग धरील, हें ती सांगत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, कॉईल कोणत्या धातूची, तिजवर गंजरोधक लेप आहे काय, आणि ती धुण्यास व दुरुस्त करण्यास सोपी आहे काय, हे तीन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावे. थोडी मोठी व जाड बांधणीची कॉईल महाग पडली तरी अंतीं तीच स्वस्त. विद्यार्थिमित्रांनो, वीज बंद करून आंतील जाळी वरचेवर धुण्याचें काम तुम्ही अंगावर घ्या. कॉईल मात्र वर्षांतून एकदां कारागिराकडून स्वच्छ करवावी.

प्याल्याची बाहेरची बाजू घासून आंतला मळ तसाच ठेवणाऱ्यांस आमच्या प्रभूनें दोष दिला आहे. यंत्र निवडतांना व संभाळतांनाहि तो बोध विसरूं नये.