मुदत पंधरा दिवसांची

संपादक आणि व्यवस्थापन यांस,

आम्ही सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे फोटो काढतो. ते आमच्या संकेतस्थळावर ठेवतो. सर्व्हरचे भाडे वर्गणीतून भरतो. जाहिरात घेत नाही.

ते फोटो तुम्ही न विचारता वापरता. हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही वारंवार कळवले आहे.

आधी ईमेल केले. मग फोन केले. मग स्पीड पोस्टाने पत्र धाडले. त्याची पोच आमच्याकडे आहे. ‘तांत्रिक विभागाला कळवले आहे’ एवढे उत्तर आले. पुढे तेही बंद झाले.

कोर्टात जा, असे आमच्यातले अनेक जण तेव्हाच म्हणत होते. आम्ही त्यांना थांबवले. यापुढे थांबवणार नाही.

प्रकार काय आहे, तो सर्वांसमोर मांडतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यांत आहे. तुमच्या संकेतस्थळावरच्या त्या बातमीत राजगडाच्या संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीचा फोटो झळकला. तो आमचा.

त्या फोटोवर राइट क्लिक करा. नव्या टॅबमध्ये उघडा. वर जो पत्ता दिसतो, तो आमच्या सर्व्हरचा आहे.

फोटो स्वतःकडे ठेवण्याचेही कष्ट तुम्ही घेतले नाहीत. पानात आमच्या फाइलीचा पत्ता तेवढा डकवला. वाचक बातमी तुमची उघडतो. फोटो आमच्याकडून खेचला जातो. जाहिरातीचे पैसे तुम्हाला. डेटाचे बिल आम्हाला. याला हॉटलिंकिंग म्हणतात.

हिशेब साधा आहे. फोटो २ एमबीचा. बातमी एक लाख जणांनी उघडली, की २०० जीबी. हे एका फोटोचे. तुमच्याकडे गर्दी उसळली त्या दिवशी आमचे संकेतस्थळ बंद पडले.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे सोपे असते. हे घर आमचे आहे.

फोटोच्या तळाशी एक पट्टी आहे. तीत छायाचित्रकाराचे नाव आहे. तुमच्या पानावरची चौकट नेमकी त्या पट्टीपुरती आखूड आहे. फेसबुकवर तर पट्टी कापूनच फोटो टाकला. वर तुमचा लोगो लावला. ही नजरचूक नव्हे.

‘तुमचीच प्रसिद्धी होते’, असे फोनवर ऐकवले गेले. नाव कापून कुणाची प्रसिद्धी होत नाही.

आता कायदा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. फोटो ही त्यात कलाकृती आहे. कलम ५७ निर्मात्याला स्वतःच्या नावाचा हक्क देते. कॉपीराइट विकला तरी हा हक्क उरतो. आम्ही तर काहीच विकलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ ख आले. हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

‘आम्ही प्रत ठेवलीच नाही’, असे तुमचे वकील सांगतील. अमेरिकेतल्या २००७ च्या एका निकालाचा आधार घेतील. तो निकाल गूगलच्या चित्रशोधाबद्दल होता. तो भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. फेसबुकवर टाकलेली कापलेली प्रत मात्र तुमचीच आहे.

आमच्या मागण्या चार.

फोटो हवा तर आधी विचारा.

परवानगी मिळाली, की प्रत तुमच्या सर्व्हरवर ठेवा.

फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव वाचता येईल असे छापा. आमच्या पानाचा दुवा द्या.

फोटो कापू नका. त्यावर तुमचा शिक्का मारू नका.

यात अवघड काही नाही. शाळेतली मुले प्रकल्पासाठी फोटो मागतात. गिर्यारोहक मागतात. त्यांना आम्ही आजवर नाही म्हटलेले नाही. पैसेही घेतलेले नाहीत. ते विचारतात आणि नाव देतात. वाचकांनीही व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवताना पट्टी तशीच ठेवावी. मोफत म्हणजे बेवारस नव्हे.

हे निवेदन प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. तोवर आमचे सगळे फोटो तुमच्या पानांवरून उतरले पाहिजेत. नावे झाकल्याबद्दलचा खुलासा त्याच पानांवर छापून आला पाहिजे.

तसे झाले नाही, तर पुढचा क्रम ठरलेला आहे.

फोटोची मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली, हे ब्राउझर सहसा सर्व्हरला सांगतो. तुमच्या पानांवरून आलेल्या कोणत्याही मागणीला सोळाव्या दिवसापासून फोटो मिळणार नाही. तशी आज्ञा लिहून, तपासून ठेवली आहे. माग लपवलात, तर फाइलींची नावे बदलू.

ती फाइल आमची आहे. तुमच्या बातमीच्या चौकटीत काय दिसावे, हे आजही आमच्या हातात आहे. त्या जागी एकच वाक्य दिसेल: ‘हा फोटो विनापरवाना वापरला होता.’ तुमचे वाचक ते वाचतील. जाहिरातदारही वाचतील.

मग दावा. कलम ६२ प्रमाणे तो आमच्या राहत्या जिल्ह्यातल्या न्यायालयात लावता येतो. तारखांना तुम्हाला तिथे यावे लागेल. मनाई हुकूम मागू. नुकसानभरपाई मागू. प्रत्येक पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि सर्व्हरच्या नोंदी आमच्या वकिलांकडे दिलेल्या आहेत.

आम्हाला भांडण नको होते. म्हणून इतके दिवस कोर्टात गेलो नाही. त्या थांबण्याचा तुम्ही सोयीचा अर्थ काढलात.

यानंतर आमच्याकडून पत्र येणार नाही. फोन येणार नाही. आमच्या वकिलांची नोटीस येईल.

कळावे.