शी-शू सांगता येतं का?

पाळणाघरात नाव घालायला आलेल्या आईला आपण हा प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा पुढे 'नाही' म्हणायची पाळीच येत नाही. मूल चार वर्षांचं आहे, डाऊन सिंड्रोम आहे, अजून सांगत नाही, एवढं बोलून ती स्वतःच उठते. गिरगावातली घरगुती पाळणाघरं असोत की लालबाग-परळच्या बालवाड्या, दिव्यांग मुलाला दारातून परत पाठवायचं काम आपण या एका प्रश्नावर सोपवून मोकळे होतो. हेतू वाईट नसतो. मदतनीस एक, मुलं पंधरा आणि मोरी एकच, अशी आपली अडचण असते.

नवल असं की अशा मुलांसाठीचं जुनं काम याच भागात दाटीने उभं आहे. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची, परळचं वाडिया रुग्णालय १९२९ चं. शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीपायी काढली. मुलीला पोलिओ झाला म्हणून फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. मिठू अलूर यांची १९७२ ची स्पास्टिक्स सोसायटीही मुलीमुळेच जन्मली. आपल्या लेकरासाठी कुठेच जागा नाही म्हटल्यावर या आईबापांनी ती निर्माण केली. लालबागच्या आईला संस्था काढायची नाही. तिला सकाळी कामावर निघताना मूल कुठे ठेवायचं ते हवं आहे. शाळा आहेत, थेरपी आहे. पण थेरपी तासाभराची, आणि उरलेला दिवस कोणाच्याच खात्यात नाही. मग ती नोकरी सोडते आणि थेरपीला लागणारा पैसाही तिथेच आटतो.

कायद्याकडे पाहावं तर तोही सहा वर्षांनंतर जागा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ ने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १८ वयाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला, हे चांगलंच झालं. अंगणवाडीताईने मूल लवकर हेरावं, गटात सामावून घ्यावं, पुढे पाठवावं, अशी त्याची मांडणी आहे. पण परळमधून अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या बाईला अंगणवाडीच्या वेळा पुरत नाहीत. 'पालना' योजनेतलं पाळणाघरही साडेसात तासांचं. लोकलचा प्रवास त्यात कुठे बसवायचा? तिचा भरवसा शेवटी घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या काकूंवर, म्हणजे आपल्यावर.

म्हणून आधी प्रवेशाच्या अर्जातली ती अट काढून टाका. त्या जागी 'शी-शूच्या वेळी याला कशी मदत लागते?' असं विचारा. डायपर आई देईल. आपल्याला एक पडदा, धुता येणारी चटई आणि हातमोजे लागतील. खरा खर्च आहे तो आणखी दोन हातांचा. त्यासाठी त्या एकट्या आईकडून दुप्पट फी घेऊ नये. ती वाढ सगळ्यांच्या फीत थोडी थोडी वाटावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही पालक कुरकुरतील. कुरकुरू द्यावं.

प्रमाणपत्राचा आग्रहही सोडावा. पाच वर्षांखालच्या मुलाला डॉक्टर बौद्धिक अक्षमतेचं निदान देत नाहीत, सर्वांगीण विकासात विलंब एवढंच लिहितात. अडीच वर्षांच्या पोराचा कागद आपण कशाला मागतो?

भीती असते ती फिटची आणि घास अडकण्याची, आणि ती रास्त आहे. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवावं, कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावं. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा, चप्पल हुंगवणं तर आता बंदच करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. मान न धरणाऱ्या मुलाला आडवं ठेवून कधीही भरवू नये. कसं बसवायचं, घास किती घट्ट ठेवायचा, हे आईकडून किंवा त्याच्या थेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्यावं. पहिला आठवडा आईला दोन तास थांबवून घेतलं तर हे सहज जमतं. मात्र 'तुम्ही रोज सोबत बसा' ही अट म्हणजे पुन्हा नकारच.

राहिला प्रश्न जागेचा. चाळीत तिसऱ्या मजल्यावरून मूल कडेवर उतरवावं लागे, पण गॅलरीत दहा जणांचं लक्ष असे. आता टॉवर येत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. लिफ्ट आली, दारं बंद झाली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी खोल्या ठेवाव्या लागतात (पुढे त्यांचं सोसायटीचं ऑफिस कसं होतं, हे वाचकांना सांगायला नको). आपल्या भागात पुनर्विकासाच्या सभा चालू असतील तर तिथे जा आणि लेखी मागणी द्या: बालवाडीची खोली तळमजल्यावर, दार ९०० मिलिमीटर रुंद, उतार एकास बारा, आणि मोरीत मोठं मूल आडवं करून बदलता येईल एवढी जागा. नकाशा मंजूर झाल्यावर यासाठी भिंत कोणी फोडत नाही.