खेळ विकत घेतला, पण हाती काय आले?

गाणे शिकवणाऱ्या माणसाने संगणकावरील खेळांच्या दुकानांविषयी मत द्यावे, हे रावपुऱ्यातल्या आणि दांडिया बाजारातल्या काही वडीलधाऱ्या वाचकांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या घरांतली मुले-नातवंडे हल्ली ज्या वस्तूंवर खर्च करतात त्यांत या खेळांचा वाटा लहान नाही, आणि तो खर्च बहुधा आपल्याच खात्यातून होतो. शिवाय या व्यवहारातला मूळ प्रश्न आम्हा गवयांच्या घरांना जुनाच आहे. विकत घेतलेली कला घेणाऱ्याची होते काय, आणि दिलेल्या पैशांतून कलावंताच्या पदरात किती पडते, हाच तो प्रश्न.

आधी एक गैरसमज दूर करू. पैसे लावून खेळायचे जे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले, त्यांच्याविषयी हे लिखाण नाही. येथे विषय आहे तो एकदा मूल्य देऊन घ्यायच्या खेळांचा. त्यांतही जुन्या नावाजलेल्या खेळांचा, आणि मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून थोड्या माणसांनी मिळून केलेल्या स्वतंत्र खेळांचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहानशा मंडळीने २०२० साली आणलेला ‘राजी’ हा याच दुसऱ्या जातीचा.

यात कला कोठली, असे कोणी विचारील. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा जॉर्डन मेकनर यांचा १९८९ चा खेळ घ्या. त्याचे संगीत त्यांचे वडील फ्रान्सिस मेकनर यांनी रचले होते. पुढे त्या खेळाची मूळ लिखावट हरवली, आणि २०१२ साली वडिलांच्या कपाटात मागे पडलेल्या खोक्यातल्या चकत्यांवर ती सापडली. ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या बंदिशींच्या वह्या ट्रंकेच्या तळाशी सापडल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता दुकानांकडे वळू. सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. ते २००३ पासून चालू आहे. त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. किमती रुपयांत मिळतात. खेळ पसंत न पडल्यास, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मिळतात. लबाडीचे म्हणून या दुकानाकडे बोट दाखवता येणार नाही. तथापि तेथे आपण खेळ घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पैसे भरण्याच्या जागी त्यांनी स्वतःच तसे लिहिले आहे. कॅलिफोर्नियात त्याच सुमारास कायदा झाला की, असा परवाना देताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा तर खरी गोष्ट ग्राहकास स्पष्ट सांगावी. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

परवाना आणि वस्तू यांतला भेद कागदी नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या खेळात गाडी चालवताना रेडिओवर गाणी लागत. त्या गाण्यांच्या हक्कांची मुदत दहा वर्षांनी संपली, तेव्हा २०१८ साली कंपनीने त्यांतली बरीच काढून टाकली. नव्या गिऱ्हाइकांसाठी तर काढलीच, पण ज्यांनी आधीच पूर्ण मोल दिले होते त्यांच्या संगणकांवरच्या प्रतींतूनही काढली. २०१४ चा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी आपली यंत्रे थांबवून बंदच केला. घेणाऱ्यांजवळ राहिली ती पावती.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई होते. त्यांनी जपलेल्या फैयाझखाँसाहेबांच्या तबकड्या आज माझ्याकडे आहेत. त्या ज्या दुकानातून आल्या त्याची आता खूणही नाही, पण तबकडी वाजते, आणि तीतली एक तान कोणी दूरवरून पुसून टाकू शकत नाही. स्टीमवरचे खाते मात्र मृत्युपत्राने मुलाला देता येत नाही.

म्हणून जुन्या खेळांसाठी माझा कौल ‘गॉग’ या दुकानाला आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ साली हे जुन्या चांगल्या खेळांसाठीच काढले. येथे खेळ बसवण्याची संपूर्ण फाईल उतरवून घेता येते. तिला कुलूप नसते, आणि एकटा खेळायचा खेळ इंटरनेटवाचून चालतो. कायद्याच्या भाषेत येथेही परवानाच मिळतो. पण फाईल आपल्या कपाटातल्या डिस्कवर असली की दुकान उद्या मिटले तरी ती आपल्यापाशी राहते. पैसे परत मागायला ३० दिवसांची मुदत आहे. जुने खेळ आजच्या संगणकांवर चालावेत म्हणून हे लोक खपतात, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

स्वतंत्र खेळांसाठी २०१३ साली निघालेले ‘इच’ हे ठिकाण आहे. दुकानाने विक्रीतला किती हिस्सा घ्यावा, हे तेथे खेळ करणाराच ठरवतो. त्याने काहीच द्यायचे नाही असे ठरवले तरी चालते. स्टीमचा सर्वसाधारण हिस्सा शेकडा ३० आहे. मात्र इचवर कोणीही आपला माल मांडू शकतो. तेव्हा कर्ता कोण, त्याची आधीची कामे कोणती, हे पाहूनच पैसे द्यावेत.

दूर राहावे ते स्वस्त ‘की’ विकणाऱ्या बाजारांपासून. की म्हणजे खेळ उघडणारा सांकेतिक क्रमांक. चोरलेल्या कार्डावर असे क्रमांक घेतले जातात आणि या बाजारांत निम्म्या किमतीला विकले जातात. कार्डाचा धनी तक्रार करतो, बँक त्याचे पैसे परत करते, आणि भुर्दंड खेळ करणाऱ्याच्या माथी बसतो. ‘फॅक्टोरिओ’ या खेळाच्या चोरीच्या १९८ की आपल्या बाजारात विकल्या गेल्याचे जी-टू-ए या संस्थेने २०२० साली मान्य केले आणि कर्त्यांना ३९,६०० डॉलर भरून दिले. सगळेच कर्ते इतका पाठपुरावा करू शकत नाहीत.

‘जुना खेळ बेवारस, तो फुकट उतरवला तर काय बिघडले?’ असे तरुण मंडळी विचारतात. आपल्याकडे संगणकाची लिखावट १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात साहित्यकृती मानली जाते, आणि तिचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अर्थात त्यांची तक्रार सर्वस्वी पोकळ नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवले की, २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ खेळ आज विक्रीतच नाहीत. जो माल मालक विकत नाही, तो जपायचा कोणी? ते काम ग्रंथालयांचे आहे, आणि ते करण्याची त्यांना कायद्याने मोकळीक मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु जो खेळ चारपाचशे रुपयांत रीतसर मिळतो, तो फुकट घेणाऱ्याला ही सबब लागू नाही.

तेव्हा मुलाने दिवाळीला खेळ मागितला तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. फाईल आपल्यापाशी राहणार आहे काय? पैसे खेळ करणाऱ्यापर्यंत पोहोचतात काय? पसंत न पडल्यास परतीची मुदत किती? खेळ गॉगवर मिळत असेल तर तेथूनच घ्यावा, आणि घेतल्या दिवशीच फाईल उतरवून डिस्कवर ठेवावी. फक्त स्टीमवरच मिळत असेल तर खुशाल घ्यावा. पण आपण भाडे भरतो आहोत, घर घेत नाही, हे मुलाला त्याच वेळी समजावून द्यावे.